प्रोसेसर बदलला, पण जुनी विंडोज ओळखेना: फॉरमॅट मारण्याआधी करायची कामं, क्रमाने

आय३ काढून आय५ बसवला, मशीन चालू झालं, पण टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरच्या आलेखाच्या चौकटी होत्या तेवढ्याच. मग कुणीतरी सल्ला देतं, "फॉरमॅट मारा." विंडोज नव्याने टाकली जाते. मोंढ्यातल्या आडतीवरचं टॅली, पत्रिका छापणाऱ्याच्या फॉन्टची डोंगल (परवान्याची चावी), जिनिंगच्या वजनकाट्याचं कॉम पोर्टचं सेटिंग हे सगळं पुन्हा जुळवण्यात दोन दिवस जातात. आणि चौकटी? तेवढ्याच. कारण दोष विंडोजच्या फाइलींमध्ये नव्हताच.

प्रोसेसर आधी बायोसला, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रॅमला, ओळखावा लागतो. बायोस जे सांगेल त्यातून बूट सेटिंग किती कोर (प्रोसेसरमधले स्वतंत्र काम करणारे भाग) वापरायचे ते ठरवतं, आणि मग विंडोज तो आकडा दाखवते. तपासायचं ते याच क्रमाने. फॉरमॅट हा या यादीतला शेवटचा उपाय आहे, आणि विंडोज ७ मध्ये तिथपर्यंत जाण्याची वेळ क्वचितच येते.

एक शब्द आधी स्पष्ट करू. आपल्याकडे अख्ख्या डब्याला 'सीपीयू' म्हणतात. या लेखात प्रोसेसर म्हणजे बोर्डावर, फॅनच्या खाली बसलेली चिप.

## टप्पा १: विकत घेण्याआधी बोर्ड वाचा

सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा) जुळलं म्हणजे प्रोसेसर चालेल, हा सगळ्यात महागात पडणारा समज. ७७५ सॉकेटमध्ये पेंटियम ४ पासून कोअर २ क्वाडपर्यंत सगळं बसतं, पण बसणं वेगळं आणि चालणं वेगळं. ११५५ सॉकेटच्या एच६१ बोर्डांचंही तसंच आहे. हे बोर्ड २०११ मध्ये दुसऱ्या पिढीच्या प्रोसेसरसोबत आले. तिसरी पिढी एप्रिल २०१२ ची, त्यामुळे जुन्या बायोसच्या बोर्डावर आय५-३४७० बसवला की फॅन फिरतो आणि पडदा काळाच राहतो.

बोर्डाचं मॉडेल आणि रिव्हिजन बोर्डावरच, बहुतेक वेळा स्लॉटच्या आसपास छापलेलं असतं. दोन्ही लिहून घ्या. उत्पादकाच्या साइटवर त्याच रिव्हिजनची प्रोसेसर यादी उघडा. यादीत प्रत्येक प्रोसेसरसमोर 'या बायोसपासून पुढे' असा रकाना असतो. तो रकाना न वाचल्यामुळे बहुतेक लोक फसतात. ब्रँडेड ऑफिस मशीनमध्ये यादी आणखी आखूड असते. चिपसेट (बोर्डावरची मुख्य चिप, जसं एच६१) तोच असूनही पुढची पिढी चालत नाही, कारण तसा बायोस कंपनीने काढलेलाच नसतो.

जुना माल घेताना आणखी तीन गोष्टी पाहा.

प्रोसेसरच्या झाकणावरचा कोड. क्यू६६०० दोन प्रकारांत आला. एसएल९यूएम कोडचा १०५ वॅटचा आणि एसएलएसीआर कोडचा ९५ वॅटचा. भाव सारखा असेल तर दुसराच घ्या.

नावाच्या शेवटचं अक्षर. आय५-२३८०पी आणि आय५-३३५०पी यांत ग्राफिक्स नाही. झिऑन ई३-१२३० मध्येही नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनमध्ये हे बसवले तर प्रोसेसर ठणठणीत असूनही पडद्यावर काही येणार नाही, आणि दोष बिचाऱ्या बोर्डावर जाईल.

चाचणी नमुने. चालू मशीनमध्ये नावाच्या जागी 'जेन्युइन इंटेल सीपीयू ००००' असं दिसत असेल, तर तो कंपनीच्या चाचणीसाठीचा तुकडा आहे. तो विंडोज कितीही वेळा टाकली तरी खरं नाव दाखवणार नाही. घेऊ नका.

## टप्पा २: जुना प्रोसेसर बोर्डात असतानाच नोंदी घ्या

हा टप्पा कंटाळवाणा आहे, म्हणून लोक गाळतात. पुढच्या निम्म्या अडचणी इथूनच येतात.

बायोसमध्ये जाऊन प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. त्यातली एक नोंद सोन्याची: साटा मोड, म्हणजे डिस्कशी बोलण्याची पद्धत. आयडीई आहे की एएचसीआय? प्रोसेसर बदलताना बोर्डावरचा सेल काढला किंवा बायोस अपडेट केला की सेटिंग कारखान्यातल्या जागी जातं आणि हा मोड बदलू शकतो. आयडीईमध्ये टाकलेली विंडोज ७ एएचसीआयवर सुरू केली की निळा पडदा येतो आणि त्यावर ७बी ने संपणारा कोड दिसतो. दुकानात याचं निदान होतं 'नवा प्रोसेसर विंडोजला चालत नाही'. प्रत्यक्षात मोड परत आयडीई केला की मशीन पूर्वीसारखं उघडतं. एक्सपीत तर एएचसीआयचा ड्रायव्हर मुळात नसतोच.

मग विंडोजमध्ये या गोष्टी करा:

- डेटाची प्रत दुसऱ्या डिस्कवर. त्याच डिस्कच्या डी ड्राइव्हवर ठेवलेली प्रत धरायची नाही.
- टॅलीचा सिरियल नंबर आणि ज्या ईमेलवर नोंदणी आहे तो ईमेल लिहून घ्या. त्या ईमेलचा पासवर्ड आज चालतो का, हेही आजच पाहा.
- काटा किंवा जुना प्रिंटर जोडलेला असेल तर कॉम पोर्टचा क्रमांक आणि बॉड रेट (त्या पोर्टवरून डेटा जाण्याचा वेग).
- कमांड विंडोत 'सेट' टाइप करून एंटर दाबा. यादीतल्या 'नंबर ऑफ प्रोसेसर्स' या ओळीपुढचा आकडा टिपा. बदलानंतर तुलना याच्याशी करायची आहे.

तपासा: कॉम्प्युटरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा आणि विंडोज ३२ बिट आहे की ६४, ते लिहा. ३२ बिट विंडोजला चारही कोर दिसतात. तिची अडचण ४ जीबीच्या वरच्या रॅमची आहे, कोरांची नाही.

## टप्पा ३: बायोस अपडेट, तोही जुन्या प्रोसेसरवरच

क्रम उलटा झाला की काम अडतं. नवा प्रोसेसर बसवून बायोस अपडेट करू म्हणाल, तर पडदाच दिसणार नाही. म्हणून आधी जुन्यावर बायोस अपडेट करायचा, मग चिप बदलायची.

पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा, त्यात बायोसची फाइल ठेवा आणि बायोसमधल्याच अपडेटच्या सोयीतून ती चढवा. विंडोजमधून चढवणारी प्रोग्रॅम असते, पण वर्षानुवर्षे न पुसलेल्या विंडोजवर अँटिव्हायरस आणि दहा टूलबार चालू असताना तो जुगार खेळू नये. फाइल त्याच मॉडेलची आणि त्याच रिव्हिजनची हवी. एच६१ वर तिसऱ्या पिढीसाठी काही बोर्डांना मॅनेजमेंट इंजिनचा वेगळा अपडेटही आधी द्यावा लागतो. उत्पादकाच्या पानावर क्रम दिलेला असतो, तो पाळा.

सावध: अपडेट चालू असताना लाईट गेली तर बोर्ड गेला समजा. भारनियमनाची वेळ टाळा, पावसाळी हवेत हात लावू नका, आणि यूपीएस आहे एवढ्यावर समाधान मानू नका. यूपीएसची मेनमधली पिन काढून मशीन पाच मिनिटं चालतं का ते आधी बघा. अनेक दुकानांतले यूपीएस फक्त पीं वाजवण्यापुरते जिवंत असतात.

अपडेट झाल्यावर जुन्याच प्रोसेसरवर एकदा विंडोज पूर्ण उघडा. साटा मोड फोटोशी ताडून पाहा. इथे काही बिघडलं असेल तर कारण बायोस आहे, हे आत्ताच कळतं. नंतर दोन बदल एकत्र झाले की कारण सापडत नाही.

## टप्पा ४: चिप बदलणं

मेनमधली पिन काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून उरलेली वीज उतरवा. लोखंडी कॅबिनेटला हात लावून अंगातली स्थिर वीज सोडा. उन्हाळ्यातल्या आपल्या कोरड्या हवेत ही नुसती औपचारिकता नाही.

जिनिंगजवळच्या ऑफिसातला डबा उघडलात तर फॅनखाली रुईचा वाळलेला थर सापडेल. तो ब्रशने काढा. ब्लोअर मारायचाच असेल तर फॅनचं पातं बोटाने धरून ठेवा.

जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. कापूस आपल्याकडे मुबलक, पण इथे नको, तंतू मागे राहतात. धागे न सुटणारं कापड घ्या. इंटेलच्या ७७५ आणि ११५५ सॉकेटमध्ये पिना बोर्डावर असतात. तिथे कापड, बोट, फुंकर काही नको. चिपच्या कडेचे दोन खाचे आणि कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण जुळवा, चिप स्वतःच्या वजनाने बसू द्या, मग झाकण आणि दांडी.

पेस्ट मधोमध तुरीच्या दाण्याएवढी. जास्त लावली की थंडावा वाढतो, असं काही नाही.

आता कूलर. ६५ वॅटच्या प्रोसेसरसोबत आलेला बुटका, निव्वळ अॅल्युमिनियमचा कूलर ९५ वॅटच्या आय५-२४०० वर ठेवू नका. बुडाशी तांब्याचा गोल असलेला, उंच कूलर घ्या. चार काळ्या टोप्यांवरचे बाण सोडवण्याची दिशा दाखवतात. बसवताना टोप्या उलट फिरवून मूळ जागी आणा आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या जोडीने दाबा. चार वेळा 'टक्' ऐकू यायला हवं. बोर्डाच्या पाठीमागून चारही पाय पूर्ण बाहेर आलेत का ते टॉर्चने पाहा. तीन बसले आणि एक अधांतरी राहिला की प्रोसेसर तापतो, स्वतःचा वेग उतरवतो, आणि मालक म्हणतो, "नवा टाकून पण स्लोच आहे."

एवीतेवी डबा उघडला आहे, तर सीआर२०३२ सेलही बदलून टाका.

## टप्पा ५: बायोसमध्ये ओळख पटली का?

विंडोज उघडायची घाई करू नका. सुरू होताच थेट बायोसमध्ये जा. तारीख-वेळ लावा, साटा मोड फोटोप्रमाणे करा, आणि मग प्रोसेसरचं नाव आणि वेग वाचा.

नाव चुकीचं किंवा 'अननोन'. एएमडीच्या प्रोसेसरचं नाव बायोस भरतो. त्यामुळे जुन्या बायोसवर विंडोजमध्येही 'मॉडेल अननोन' दिसतं. उपाय बायोस अपडेट, विंडोज नव्हे. इंटेलचं नाव चिपमध्येच लिहिलेलं असतं.

वेग कमी. क्यू६६०० चं उदाहरण घ्या. २६६ गुणिले ९, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झ. आधीचा ई५३०० हा २०० गुणिले १३ वर चालत होता. कुणी एफएसबी (या गुणाकारातला पहिला आकडा) हाताने २०० वर बांधून ठेवला असेल तर नवा प्रोसेसर २०० गुणिले ९ म्हणजे १.८ वरच अडकतो. ते सेटिंग 'ऑटो' करा. काही जुन्या बोर्डांवर हेच काम जंपर करतो.

कोर कमी. 'अॅक्टिव्ह प्रोसेसर कोअर्स' म्हणजे चालू कोरांची संख्या 'ऑल' हवी. हायपर थ्रेडिंग (एका कोरवर दोन कामं एकदम चालवण्याची सोय) असेल तर 'एनेबल्ड'. 'लिमिट सीपीयूआयडी मॅक्सिमम' हे विंडोज एनटीच्या काळातलं सेटिंग आहे. एक्सपी आणि पुढच्या सगळ्यांसाठी ते बंद ठेवायचं. 'एपीआयसी' (कोरांना कामाचे इशारे वाटणारी सोय) दिसत असेल तर चालू.

तपासा: बायोसमध्ये नाव, वेग आणि कोर बरोबर दिसेपर्यंत पुढे जाऊ नका. इथे दोन कोर दिसत असताना विंडोजने चार दाखवावेत, ही अपेक्षाच चूक आहे.

## टप्पा ६: विंडोज ७ मध्ये

पहिल्यांदा उघडल्यावर 'नवं उपकरण सापडलं' असं येतं, थोड्या वेळाने रिस्टार्ट मागतं. द्या. मध्येच बटण दाबून बंद करू नका. एकदा रिस्टार्ट झाल्यावर पुन्हा एकदा स्वतःहून करा.

विंडोज ७ ला कोर वाढले हे वेगळं सांगावं लागत नाही. ती दर बूटला मोजते. तरीही आकडा कमी असेल तर पहिला संशय एकाच जागेवर घ्या. रनमध्ये 'एमएसकॉन्फिग', मग बूट टॅब, मग अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स. तिथे 'नंबर ऑफ प्रोसेसर्स' ला टिक असते आणि शेजारी २. 'कॉम्प्युटर फास्ट करण्याची ट्रिक' म्हणून कधीतरी कुणीतरी केलेला हा उद्योग. हे सेटिंग वेग वाढवत नाही, फक्त वरची मर्यादा घालतं. जुन्या दोन कोरांवर त्याने काही बिघडत नव्हतं म्हणून लक्षात आलं नाही. चार कोरांवर आल्यावर ते निम्मा प्रोसेसर झाकून ठेवतं. २ च्या जागी ४ निवडून टिक तशीच ठेवायची नाही. टिकच काढा. शेजारच्या 'मॅक्सिमम मेमरी' ची टिकही काढा. ओके, अप्लाय, रिस्टार्ट.

टिक काढूनही फरक पडला नाही तर कमांड विंडो अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि बूट सेटिंग दाखवणारी बीसीडीएडिट ही कमांड चालवा. चालू विंडोजच्या यादीत 'नमप्रॉक' किंवा 'वनसीपीयू' अशी ओळ दिसली तर तिथेच अडकलं आहे. 'बीसीडीएडिट /डिलीटव्हॅल्यू नमप्रॉक' (टाइप अर्थात इंग्रजी अक्षरांत), एंटर, रिस्टार्ट. 'वनसीपीयू' साठीही तसंच.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये जुन्या प्रोसेसरचं नाव चिकटून राहिलं असेल तर त्या नोंदी अनइन्स्टॉल करून रिस्टार्ट करा, नव्या आपोआप येतात. हा दिसण्यापुरता दोष आहे. वेगावर त्याचा परिणाम नाही.

ग्राफिक्स मात्र विसरू नका. आय३-२१०० वरून आय५-३४७० वर गेलात तर आतलं ग्राफिक्स एचडी २००० वरून एचडी २५०० झालं. पडदा मोठमोठ्या अक्षरांचा आणि फिका दिसत असेल तर नवा ड्रायव्हर टाका. प्रोसेसरमध्ये बिघाड नाही.

## टप्पा ७: एक्सपीमध्ये

इथे प्रकरण खरंच वेगळं आहे. एक्सपी टाकताना जसं हार्डवेअर असेल त्यानुसार ती 'हॅल' नावाचा दुभाषा निवडते आणि पुढे तोच धरून बसते. एका कोरच्या मशीनवर टाकलेली एक्सपी दोन किंवा चार कोरांवर नेली की ती एकच दाखवत राहू शकते.

आधी 'बूट डॉट आयएनआय' तपासा. एमएसकॉन्फिगमध्ये त्याच नावाचा टॅब आहे, तिथल्या अॅडव्हान्स्डमध्ये 'नमप्रॉक' ला टिक नको. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये सगळ्यात वरचं 'कॉम्प्युटर' उघडा. तिथे काय लिहिलंय त्यावर पुढचं सगळं ठरतं.

'एसीपीआय मल्टिप्रोसेसर पीसी': हॅल योग्य आहे. अडचण बायोसमध्ये किंवा बूट सेटिंगमध्ये शोधा.

'एसीपीआय युनिप्रोसेसर पीसी': त्यावर राइट क्लिक, अपडेट ड्रायव्हर. इंटरनेटवर शोधायला नको म्हणा. 'लिस्टमधून निवडतो', मग 'मी स्वतः निवडतो', 'कंपॅटिबल' वर टिक ठेवा, 'एसीपीआय मल्टिप्रोसेसर पीसी' निवडा, रिस्टार्ट करा. त्यानंतर बरीचशी उपकरणं पुन्हा ओळखली जातील. पाच-दहा मिनिटं हात लावू नका.

'अॅडव्हान्स्ड कॉन्फिगरेशन अँड पॉवर इंटरफेस पीसी': इथे थांबा. कंपॅटिबलची टिक काढून जबरदस्तीने मल्टिप्रोसेसर निवडला तर पुढच्या वेळी विंडोज उघडेलच याचा भरवसा नाही. बायोसमध्ये एपीआयसी चालू करून एक्सपीच्या सीडीने रिपेअर इन्स्टॉल करायचं. सीडीवरून बूट, पहिल्या पडद्यावर एंटर, एफ८, आणि मग आर. पहिल्याच पडद्यावर आर दाबलात तर भलत्याच काळ्या पडद्यावर पोहोचाल. सीडी मशीनमधल्याच सर्व्हिस पॅकची हवी. यात प्रोग्रॅम आणि डेटा राहतो, पण टप्पा २ मधली प्रत नसेल तर सुरूच करू नका.

तपासा: सिस्टम३२ मधल्या हॅल डीएलएल फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये, व्हर्जन टॅबवर मूळ नाव असतं. 'हॅल' नंतर 'एम' असेल तर मल्टिप्रोसेसर लागला. 'हॅल' नंतर दोन 'ए' असतील तर अजून युनिप्रोसेसर.

'एक्सपी होम एकच कोर चालवते' हे खरं नाही. होमला मर्यादा एका सॉकेटची आहे, कोरांची नाही. चार कोरांचा एकच प्रोसेसर ती पूर्ण वापरते.

## टप्पा ८: ओळखला आहे, पण ओळखला नाही असं वाटतं

निम्म्या तक्रारी इथल्या असतात.

आय३-२१०० मध्ये २ कोर आणि ४ थ्रेड, म्हणजे एका वेळी चालणारे कामाचे धागे. आय५-२४०० मध्ये ४ कोर आणि ४ थ्रेड. टास्क मॅनेजर थ्रेड मोजतो, म्हणून आधीही चार चौकटी आणि आताही चारच. फरक पाहायचा तर विंडोज ७ च्या कमांड विंडोत 'डब्ल्यूएमआयसी सीपीयू गेट' पुढे 'नंबरऑफकोअर्स' टाका. आधी २ होतं, आता ४ येईल.

एकच चौकट दिसते? टास्क मॅनेजरच्या व्ह्यू मेनूत सीपीयू हिस्टरीमध्ये 'प्रत्येक सीपीयूला एक आलेख' निवडा.

वेग १.६ गिगाहर्ट्झ दाखवतो? काम नसताना प्रोसेसर वेग उतरवतो. काम देऊन बघा.

रिसोर्स मॉनिटरमध्ये 'पार्क्ड' लिहिलंय? तो कोर विश्रांतीला आहे, बंद नाही.

विंडोज ७ चा एक्सपीरियन्स इंडेक्स जुनाच? तो आपोआप बदलत नाही. 'री-रन' दाबा.

## टप्पा ९: काम देऊन पाहा

सेव्हन-झिपमधला बेंचमार्क पंधरा मिनिटं चालवा. सगळ्या चौकटी वर गेल्या पाहिजेत. सोबत कोअर टेम्प या प्रोग्रॅममध्ये तापमान बघा. ८० अंशांच्या आत असेल तर ठीक. ९० ओलांडलं तर थांबवा आणि कूलरचे पाय पुन्हा तपासा. ही चाचणी जानेवारीत सकाळी करून समाधान मानू नका. पत्र्याच्या दुकानात मेमधली दुपार खोलीतच ४० च्या वर असते, आणि खोली जितकी तापेल साधारण तितकंच प्रोसेसरचं वाचनही वर सरकतं. हिवाळ्यात ७५ दाखवणारं मशीन उन्हाळ्यात कडेला येतं.

प्रोसेसरसोबत बोर्डही बदलायचा विचार असेल तर हा लेख पुरणार नाही. एवढंच लक्षात ठेवा की इंटेलच्या सातव्या पिढीपासून विंडोज ७ ला अधिकृत आधार नाही, आणि सहाव्या पिढीच्या बोर्डांवरही विंडोज ७ च्या सेटअपमध्ये यूएसबी कीबोर्ड-माउस मरून पडतात.

एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला आणि विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० ला संपला. प्रोसेसर नवा झाला तरी काट्याचं किंवा हिशेबाचं असं मशीन इंटरनेटपासून तोडूनच ठेवा.

सगळं जमल्यावर एका कागदावर तारीख, बायोसची आवृत्ती आणि साटा मोड लिहा आणि तो कॅबिनेटच्या दाराला आतून चिकटवा. जुना प्रोसेसर नव्याच्या प्लास्टिकच्या डबीत घालून महिनाभर तरी विकू नका. मशीन अडलं तर दोष कुठे आहे हे सांगणारं सगळ्यात स्वस्त साधन तेच आहे.